वराळ्याचा मचवा

हौशीराम नेव्हीत होता, असं वराळ्यात कुणीही सांगेल. खुद्द हौशीरामला विचारलंत तर तो छाती काढून सांगेल आणि वर चहाही पाजेल. फक्त त्याच्या बायकोला, अंबूबाईला, विचारायला जाऊ नका. ती म्हणेल, "व्हय, व्हते की नेव्हीत. लोणावळ्याला. स्टोअरमदी खिळं मोजायला."

आणि ते खोटं नव्हतं. लोणावळ्याच्या डोंगरात नेव्हीचं ठाणं आहे, तिथं हा माणूस स्टोअरला चिकटला आणि तिथूनच रिटायर झाला. सकाळी तळेगावला लोकल धरायची, संध्याकाळी परत. जहाज त्याने पाहिलं ते साहेबाच्या केबिनमधल्या कॅलेंडरवर. समुद्र पाहिला तो अलिबागच्या सहलीत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, आणि लाट आली तेव्हा लहान पोरांच्याही आधी मागं पळाला. पण गावात त्याला सगळे 'कॅप्टन' म्हणत, आणि हा बिनदिक्कत ओ देत असे.

रिटायर झाल्यावर माणसं शेत बघतात, नातवंडं बघतात, निदान पारावर बसून दुसऱ्याच्या सुनांची मापं काढतात. ह्यानं मचवा बांधायचं काढलं. मचवा म्हणजे कोकणातली शिडाची लाकडी होडी. किनारा नजरेआड होऊ न देता, वाऱ्यावर या बंदरातून त्या बंदरात जाणारी. पूर्वी तिच्यातून मीठ जायचं, कौलं जायची. आता हौसेनं फिरणारे लोक जातात. तसा एक छोटा मचवा बांधायचा आणि रेवदंड्यापासून मुरुडपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, असं कॅप्टनसाहेबांच्या मनानं घेतलं. आता मनानं घ्यायला काही लागत नाही. मचव्याला मात्र सागवान लागतं, आणि सागवान होतं अंबूबाईचं.

तिच्या माहेरचं रान पवनेच्या काठाला होतं. बाप गेल्यावर भावांनी ते बंगल्यांच्या स्कीमवाल्याला विकलं आणि सहीसाठी बहिणीची आठवण काढली. तिनं सही दिली. बदल्यात जमीन नको, काही नको, बांधावरची सागाची झाडं तेवढी मागितली. भावांना वाटलं, बहीण खुळी आहे. पण ती झाडं बापानं लावलेली होती. त्यातल्या एकाला त्यानं तिच्यासाठी झोका बांधला होता, आणि दोरानं त्या खोडाला पडलेला वळ ती म्हातारी व्हायला आली तरी तसाच होता. तिथं आता कुणा मुंबईवाल्याचा स्विमिंग पूल येणार, आणि झाडं त्याच्या पार्टीला जळणार, हे तिला सहन होईना. रीतसर परवानगी काढून तिनं ती तोडून घरी आणली. नव्या घराला त्यांचे दरवाजे करायचे, असं तिनं ठरवलं होतं.

हौशीरामनं तिला मचव्यासाठी पटवलं, आणि ती पटली, याचं तिला स्वतःलाच पुढं नवल वाटत राहिलं. "दरवाजा काय गं, हितंच उभा ऱ्हाणार. ऊन खाणार, वाळवी खाणार," तो म्हणाला होता. "मचवा झाला तर तुझ्या बापाचं झाड दर्या बघंल. आन् पयली तू बसशील. आधी तू, मग मी. शब्द हाय माजा." अंबूबाई सकाळी म्हणाली, "न्या. पर बसणार म्हंजी बसणार मी. मागनं सबबी न्हाई पायजेत." एवढीच तिची मागणी होती. बापाच्या झाडावर बसून एकदा समुद्रावर जायचं. त्याहून जास्त तिनं उभ्या संसारात नवऱ्याकडं काही मागितलं नव्हतं, कारण मागून काही मिळतं असा तिचा अनुभव नव्हता.

बांधणारा माणूसही तिनंच शोधला. ती ब्लाउज शिवायला तळेगावात मुमताजकडं जायची. मुमताज मूळची रेवदंड्याकडची, लग्न होऊन तळेगावात आलेली. तिचा बाप इब्राहिम मचवे बांधणारा. बायको वारल्यापासून तो लेकीकडं राहायला आला होता आणि दुकानाच्या पायरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या रिक्षा बघत होता. काम आहे म्हटल्यावर तो असा उठला, की मुमताजला रडूच आलं.

पावसाळा संपता संपता हौशीरामच्या घरामागच्या पत्र्याखाली मचवा उभा राहिला. इब्राहिम फळ्या वाकवत होता, सांध्यांत कापूस आणि राळ भरत होता, आणि कॅप्टन हातात चहाचा कप घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "मी बांधतोय." अंबूबाई आणि मुमताजनं मिळून मशिनवर शीड शिवलं. साधं, जाडं, पांढरं कापड. झोक्याचा वळ असलेली फळी इब्राहिमनं मुद्दाम आतल्या अंगाला, सुकाणूजवळ बसायच्या जागी लावली. अंबूबाईनं तशी लावायला सांगितलं नव्हतं. त्याला नुसता वळ दिसला आणि त्यानं विचारलं, हे काय, तर तिनं सांगितलं.

देवदिवाळीच्या सुमाराला काम झालं. इब्राहिमला घराची ओढ लागली होती, तो रेवदंड्याला परत निघाला. जाताना त्यानं दोघांनाही समोर उभं करून सांगितलं, "लाकूड वाळू द्यायचं नाही. वाळलं तर सांधे उघडतील. खाली कोकणात आणेपर्यंत रोज आतून-बाहेरून पाणी मारा. आणि लवकर आणा, थंडीत दर्या गरीब असतो."

"येस, येस," कॅप्टन म्हणाले.

रोज पाणी कोण मारणार, हे सांगायला नको. सकाळी उठून अंबूबाई नळीनं मचव्याला आंघोळ घालायची, आत बादल्या ओतायची, वर ओली गोणपाटं टाकायची. गाव बघायला यायचं. "मावशी, होडीला पानी पाजताय व्हय?" असं एकानं दात काढून विचारलं. "तुज्या डोक्यावर वतते, ये हितं," ती म्हणाली, "काय उगवतंय का बघू." तो परत आला नाही.

थंडी पडली. दर्या गरीब झाला. पण कॅप्टन निघेनात. आधी म्हणे वाढदिवस होता, मग म्हणे कंबर धरली होती, मग म्हणे मुहूर्त नव्हता. खरं कारण अंबूबाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वराळ्यात मचवा असलेला माणूस एकटा हौशीराम. रेवदंड्यात मचव्यावर बसलेला हौशीराम म्हणजे उलटी होणारा एक म्हातारा. कुठला शहाणा वराळं सोडेल?

तेवढ्यात बजरंग उगवला.

बजरंग हा मंडळाचा अध्यक्ष. कुठल्या मंडळाचा, ते मंडळालाही नीट माहीत नव्हतं. बापानं जमीन विकली, बजरंगनं गाडी घेतली, गाडीवर स्वतःचं नाव टाकलं आणि तेव्हापासून तो 'युवा नेतृत्व' होता. त्याचा वाढदिवस वर्षातून किती वेळा येतो हे कळेनासं झालं होतं, कारण फाट्यावर त्याचा फ्लेक्स कायमच असायचा. गॉगल, हात जोडलेले, आणि खाली त्याच्यासारखीच तोंडं केलेली शुभेच्छुक टाळकी. तो आला, मचव्याभोवती फिरला, मचव्याला टेकून फोटो काढला आणि म्हणाला, "कॅप्टन, शिवजयंतीला आरमाराचा देखावा. मचवा आमाला पायजे. तुमचा सत्कार करतो."

सत्कार! हा शब्द ऐकल्यावर हौशीरामचं जे झालं, ते बघून अंबूबाईला नवऱ्याची लाज वाटली. मान कलती झाली, ओठ सुटले, आणि "अरे, कशाला, कशाला" म्हणत तो हसायला लागला. उभ्या नोकरीत साहेबानं त्याला कधी 'बस' म्हटलं नव्हतं. आता शाल मिळणार होती.

मचवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढला आणि गावभर मिरवला. हौशीरामला शाल आणि श्रीफळ मिळालं. लोकांनी व्हिडिओ काढले. झालं! दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावाचा निरोप आला, मग उर्से गावाचा, मग आणखी कुणाचा. मावळात चैत्र लागला की गावोगाव जत्रा सुरू होतात. बैलगाड्यांचा घाट, तमाशाचा फड आणि पाळणे यांच्या जोडीला यंदा नवीन आकर्षण होतं, कॅप्टन हौशीराम आणि त्यांचं आरमार. एका मचव्याचं आरमार! पण बजरंगला मोजायला कुणी सांगितलं होतं? घरात शालींची चळत लागली. नारळ तर इतके झाले, की अंबूबाई शेजारणींना बोलावून बोलावून देत होती.

"पानी मारायचंय," ती म्हणायची.

"पानी नको," हौशीराम म्हणायचा. "पॉलिश केलंय. डाग पडत्यात, फोटोत दिसत्यात."

"अवं, त्यो इब्राहिमभाऊ काय बोलला हुता?"

"त्यो बोलणारच. मी नेव्हीतला माणूस हाय, मला शिकवू नको."

"नेव्हीतला!" ती म्हणाली. "लोणावळ्यात बसून कंचा दर्या बघितला तुमी? भुशी डॅम?"

तो रागानं दोन दिवस बोलला नाही. तिला बरंच वाटलं. पण पाणी मारायला मचवा दारात असायला हवा ना! तो या गावातून परस्पर त्या गावात जात होता, उन्हात, ट्रॉलीवर, वरातीच्या घोड्यासारखा सजून. शेवटी उर्शाच्या जत्रेला ती स्वतः गेली.

तिथं जे दिसलं ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मचव्याच्या फळ्यांना खिळे ठोकून दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. आत डीजेचे खोके होते, ते दणाणत होते, आणि फळ्या थरथरत होत्या. नाळेवर, म्हणजे मचव्याच्या पुढच्या टोकावर, येईल तो मानकरी नारळ फोडत होता. लाकडाला पोचे पडले होते. सांध्यांत गुलाल भरला होता. आणि डोलकाठीला शिडाच्या जागी बजरंगचा फ्लेक्स. आख्खा. गॉगलसकट. तिनं शिवलेलं शीड मंडळानं 'लय साधं दिसतं' म्हणून घरीच ठेवलं होतं. ते तिनं कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलं होतं, एवढं एक बरं.

ती ट्रॉलीवर चढली. झोक्याच्या वळाच्या फळीपाशी गेली. फळीच्या खालच्या सांध्यात तिनं डोक्यातली पिन घातली तर पिन पार आरपार गेली. सांध्यातून तिला पलीकडं रस्त्यावरचा उसाच्या रसाचा गाडा दिसला. तिला तिथंच रडू फुटलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला. बापानं कावडीनं पाणी घालून वाढवलेलं झाड ह्या रिकामटेकड्यांनी वाळवून, ठोकून, नाचवून ठेवलं होतं. आणि तिचा नवरा समोर स्टेजवर शाल पांघरून, भर उन्हात घाम गाळत, हसत बसला होता.

घरी आल्यावर तिनं शाल त्याच्या अंगावरून ओढून काढली. "आठ दिसांत मचवा खाली गेला न्हाई," ती म्हणाली, "तर मी कुऱ्हाडीनं फोडून चुलीत घालीन. माजी झाडं हाईत. मग घ्या सत्कार चुलीचा."

हौशीराम घाबरला. बायकोला घाबरला असं तो म्हणायचा नाही, पण त्यानं लगेच बजरंगला फोन लावला. बजरंगनं डोकं चालवलं. त्याला निवडणुकीचे वेध लागले होतेच. 'भव्य सागरी मोहीम!' रविवारी रेवदंड्याला मचवा सोडायचा, आणि सोमवारी उर्शाला मोहिमेच्या यशाबद्दल कॅप्टनचा जाहीर सत्कार. पाहुण्यांची तारीख घेतली, फ्लेक्स छापले. मोहिमेआधी मोहिमेच्या यशाचे फ्लेक्स लागले, आणि वराळ्यात एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी खंडाळ्याच्या घाटातून जो काय लवाजमा उतरला म्हणता! पुढं टेम्पोवर मचवा, मागं गाड्या, गाड्यांच्या खिडक्यांतून बाहेर आलेली पोरं, झेंडे, भोंगे. अंबूबाई मुमताजला घेऊन टेम्पोतच पुढं बसली होती, मांडीवर शिडाची घडी घेऊन. तिनं वाटेत एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

रेवदंड्याच्या खाडीवर इब्राहिम वाट बघत होता. त्यानं मचव्याभोवती एक फेरी मारली. खिळ्यांवरून हात फिरवला, सांध्यातला गुलाल नखानं उकरला. तो अंबूबाईकडं बघेना. ती म्हणाली, "भाऊ, मला काय बोलायचं ते बोला. मी पानी मारत व्हते. मला मारू दिलं न्हाई."

"आज सोडू नका," तो हौशीरामला म्हणाला. "काठाला उथळ पाण्यात बुडवून ठेवू. लाकूड पाणी पिऊन फुगेल, सांधे मिटतील. मग सोडू."

"बुडवून?" बजरंग म्हणाला. "ओ चाचा, आमी बुडवायला आणलाय का? उद्या सत्कार हाय. लाइव्ह जाणार हाय आत्ता. लोटा रे!"

लोटला. हौशीराम डोक्यावर पांढरी टोपी घालून आत बसला होता. टोपी लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानाशेजारी मिळते ती, पुढं नांगर काढलेली. शेजारी बजरंग, बूट घालून, नाळेवर पाय ठेवून, गॉगल लावून. अंबूबाईला चढवायचं कुणाच्याही ध्यानात नव्हतं. 'आधी तू, मग मी' म्हणणारा टोपी सारखी करत होता. काठावर भोंगे वाजले. पोरं मोबाइल वर धरून किंचाळत होती.

मचव्यानं मोठा तमाशा केला नाही. तो तरंगला, थोडा पुढं गेला आणि शांतपणे भरायला लागला. आधी बजरंगचे बूट भिजले. "चाचा, ह्ये पानी कुठनं येतंय?" त्यानं विचारलं. "सगळीकडून," इब्राहिम काठावरून म्हणाला. मग बजरंगचा गॉगल पडला, मग बजरंग पडला. खाडीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतलेलं युवा नेतृत्व एक बूट शोधत ओरडत होतं, "व्हिडिओ बंद करा रे! डिलीट करा!" हौशीराम बुडणाऱ्या मचव्यात तसाच बसून राहिला, पाणी छातीपर्यंत आलं तरी. मग मचवा तळाला टेकला. डोलकाठीवरचा फ्लेक्स तेवढा वर राहिला होता.

अंबूबाई हसली नाही. तिला हसायचं होतं, पण तिची झाडं पाण्याखाली होती.

भोंगे गप्प झाले. गाड्या एकेक करून वळायला लागल्या. हौशीराम चिंब होऊन काठावर आला, बायकोसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "अंबू, मला जायला पायजे."

"कुटं?"

"उद्याच्याला सत्कार हाय न्हवं? पाव्हनं येणार हाईत."

तिला आधी वाटलं, गार पाण्यानं ह्याचं डोकं फिरलं. "कशाचा सत्कार?"

"मोहिमेचा."

"झाली मोहीम?"

"हुईल की गं नंतर. तारीख दिलीया त्यांना. मंडप पडलाय. न गेलो तर बजरंगची काय इज्जत राहंल?" असं म्हणून तो खरंच गेला. ओल्या कपड्यांनी, बजरंगच्या गाडीत, मागच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरून. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा अंबूबाई म्हणाली, "थू!" आणि पदर खोचून पाण्यात उतरली. तिनं डोलकाठीवरचा फ्लेक्स ओढून काढला. इब्राहिमच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर तो छान बसला, गॉगलचा भाग बरोबर कोंबडा बसायचा तिथं आला.

त्या दिवसापासून ती मुमताजबरोबर इब्राहिमच्या घरी राहिली. मचवा काठाला पाण्यात पडून होता. ओहोटीला खिळे उपटायचे, भोकांत लाकडी खुंट्या ठोकायच्या, सांध्यांत जिथं कापूस गेला तिथं नवा भरायचा. भरतीला बाजूला बसून राहायचं. ती रोज सकाळी गुडघाभर पाण्यात जाऊन त्या झोक्याच्या फळीखाली पिन घालून बघायची. पिन आरपार जायची ती अर्ध्यावर अडायला लागली. मग टोकावर अडायला लागली. एका सकाळी पिन आत शिरेचना. तिनं इब्राहिमला हाक मारली ती अशी, की शेजारचे तिघे धावत आले. सगळ्यांनी मिळून पाणी उपसलं. मचवा हलला, डुलला आणि उभा राहिला. दुपारपर्यंत आत चूळभरसुद्धा पाणी आलं नाही.

वैशाख चालू होता, वारा अजून शहाणा होता. इब्राहिमनं घडी मोडून तिनं आणलेलं शीड चढवलं. मुमताज पुढं बसली. अंबूबाई आपल्या फळीला टेकून बसली. इब्राहिमनं सुकाणूचा दांडा तिच्या हातात दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं.

खाडीचं तोंड ओलांडलं तशी पहिली लाट मचव्याखालून गेली, आणि अंबूबाईच्या तोंडून "आई गं!" निघालं. मग दुसरी गेली, तिसरी गेली. हे वरखाली होणं ओळखीचं आहे, असं तिला वाटलं. पवनेच्या बांधावर बाप मागून ढकलायचा, तेव्हा पोटात असाच गोळा यायचा. तिनं एका हातानं दांडा धरला होता. दुसरा हात फळीवरच्या वळात जाऊन बसला. ती रडत होती आणि हसतही होती, आणि तिला कुणाचीही लाज वाटत नव्हती. डावीकडं किनारा चालला होता, नारळी, कौलं, वाळत घातलेली मासळी. "दादा, बगा," ती बापाला म्हणाली. मोठ्यांदा म्हणाली. मुमताजनं ऐकलं आणि मागं वळून तिचा फोटो काढला.

तेवढ्यात फोन वाजला. कॅप्टन होते. सत्कार चांगला झाला होता, शाल भारीतली होती, पण लोकांनी आता विचारायला सुरुवात केली होती. बुडाल्याचा व्हिडिओ कुणीतरी डिलीट केला नव्हता. "अंबू, मचवा निघाला का गं पान्यातनं?" हौशीरामनं विचारलं. "शीड लावलेला एक फोटू पाठव. बजरंग म्हनतोय, आभाराचा फ्लेक्स लावू. लोकांची तोंडं बंद हुतील."

त्यानं विचारलं नाही की तू कशी आहेस. त्यानं विचारलं नाही की तू बसलीस का. वारा फोनमध्ये घोंगावत होता, तो त्याला ऐकू आला नसेल असं नाही.

"पाठवते," ती म्हणाली. "पर त्यात मी हाय."

"असू दे. बगतो मी काय करायचं ते," तो म्हणाला.

ती आणि मुमताज आठवड्यानं परत आल्या. वराळ्याच्या फाट्यावर रिक्षा वळली आणि मुमताजनं तिचा दंड धरला. "मावशी, वर बघा."

फ्लेक्स चांगला दुमजली होता. निळा समुद्र, पांढरं भरलेलं शीड, आणि शिडाखाली तिच्या जागेवर कॅप्टन हौशीराम. टोपी, शाल, गळ्यात हार. 'दर्याचा राजा, वराळ्याची शान.' कोपऱ्यात बजरंग, नव्या गॉगलमध्ये. अंबूबाई कुठंही नव्हती. तिला काढून तिथं तिचा नवरा बसवला होता. फक्त सुकाणूच्या दांड्यावरचा हात तिचा होता. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेला. तो शालीतून बाहेर आला होता.

घरी हौशीराम ओसरीवर बसला होता. तिला बघून त्याला बरं वाटलं, ते लपलं नाही. "आलीस?" तो म्हणाला. "मचवा कवा आणायचा वर? इंदुरीच्या जत्रंवालं इचारत्यात."

"मचवा आता घाट चढत न्हाई," ती म्हणाली. "त्यो इब्राहिमभाऊच्या दारात ऱ्हाईल, पान्यात. मी जात जाईन. तुमाला बसायचं असंल तर खाली यावा. टोपी न घालता."

तो शालीच्या काठाशी चाळा करत राहिला. मग त्याला राहवेना. "फ्लेक्स बगितला का?"

"बगितला."

"झ्याक आलाय न्हवं? तेवढा त्यो हात ऱ्हायला तुजा. त्या पोराला कापता आला न्हाई. म्हनला, हात काडला तर दांडा बी जातोय."

अंबूबाईनं पिशवी खाली ठेवली, घागरीतून तांब्याभर पाणी घेतलं, सगळं प्याली.

"बरं झालं ऱ्हायला त्ये," ती म्हणाली. "न्हाईतर फ्लेक्स बी बुडाला असता."